सहा घरांचा नैवेद्य

आधी सगळे गप बसा. मधेच कुणी काही विचारलं की माझी गाडी रुळावरनं घसरते, मग मला बोल लावायचा नाही.

तर बोरखडीचा हिंदुराव पाटील. बोरखडी म्हणजे मोहोळच्या खाली, सीनेच्या काठाला. गडी तरणाबांड, हा असा उंच, मिशीला पीळ. पण त्या दिवशी मोहोळ स्टेशनात सोलापूरच्या गाडीची वाट बघत बसला होता कसा, तर दुसऱ्याच्या मळ्यात ऊस मोडताना घावलेल्या पोरासारखा. मान खाली, मांडीवर गाठोडं, आणि त्या गाठोड्यावर दोन्ही हात. गाठोड्यात बापाचं पिस्तूल. शेजारी आई, गोजरबाई. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, कमरेला बटवा, कडेला शिदोरीची दुरडी. आणि तोंड एकसारखं चालू.

"आई, तू कशाला आलीस गं?" हिंदुराव म्हणाला. "पिस्तूल घ्याय चाललोय, लुगडं न्हाय."

"आरं, घरात सून आणायची आन सासूनं बघायची न्हाय व्हय?" गोजरबाई म्हणाली. "देव्हाऱ्यात तर माझ्याच हातानं बसणार हाय ती. तू काय, वरसातनं एकदा हातात धरणार."

ते वर्षातनं एकदा काय, ते सांगतो. तिथंच सगळी मेख आहे.

बोरखडीत दसऱ्याला शिलंगणाचा मान पाटलाच्या घराचा. सगळं गाव वाजतगाजत माळावर जातं, आपट्याची पूजा होते, पण आपट्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही. पाटलानं ओढ्याच्या अंगाला तोंड करून बार काढायचा. बार वाजला की मग गाव सोनं लुटायला तुटून पडतं. बार नाही तर दसरा नाही, असं आपलं साधं गणित. पूर्वी ठासणीची बंदूक असायची, पुढं हिंदुरावाच्या वडलांनी, आबासाहेबांनी, परवाना काढून विलायती पिस्तूल आणलं, आणि दरसाल एकदाच चाप ओढायचा, एकदाच बार. कधी चुकला नाही. गाव म्हणायचं, आबासाहेबांच्या हाताला यश हाय.

आणि ते यश नुसतं पिस्तुलापुरतं नाही बरं का! शाळूची पेरणी दसऱ्याच्या पुढंमागंच येते. तर पहिल्या तिफणीच्या चाड्यावर बियाण्याची पहिली मूठ आबासाहेबांनी धरायची. कोंडीबा म्हणून म्हातारा कुणबी होता, सगळ्या शिवारात त्याची तिफण पहिली. तो बोलवायला यायचा, "पाटील, चला, मूठ धरा." म्हणजे बघा, हात एक आणि त्याच्यावर सगळं गाव.

मग आबासाहेबांना वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, सोप्यात बाजेवर पडून राहायचे. नुसते घशातनं हं, हं, एवढंच. मान आला हिंदुरावाकडं. पहिला दसरा. त्यानं आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच, पिस्तुलात काडतुसं भरली, आईकडं पूजेला दिलं, दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातनं उचललं ते सरळ माळावर. हात वर केला. चाप ओढला.

टक्.

परत ओढला. टक्. तिसऱ्यांदा तर टक् पण नाही, चापच हलेना. पोरं फिदीफिदी हसायला लागली. आणि त्याचा चुलतभाऊ महिपती, तो म्हणतो कसा, "हिंदुराव, पाटलीणबायनी अंगाई म्हणली काय रं पिस्तुलाला?" आणि खांद्यावरची ठासणीची बंदूक काढून त्यानं धाडकन बार काढला. गाव पळालं सोनं लुटायला. सोनं कुणी थांबतंय होय?

पंच म्हणाले, "पयलाच दसरा हाय, ऱ्हाऊ द्या. पर फुडल्या खेपंला असंच झालं तर मान म्हिपतीच्या घरला."

घरी आला तर आबासाहेब बाजेवर जागे. त्यांना आवाज ओळखू येतो की! वाजली ती ठासणी, आपलं पिस्तूल नव्हे, हे त्यांना पडल्यापडल्या कळलेलं. चांगल्या डोळ्यातनं पाणी. आणि डाव्या हाताचा अंगठा तळव्यावर एकसारखा घासत होते, गोल गोल. हिंदुरावाची बायको विजयमाला म्हणाली, "मामंजींना तंबाकू पायजे." चिमूट आणून तळव्यावर ठेवली. त्यांनी झटकून टाकली. वर्षभर हेच. पिस्तुलाचा विषय निघाला की अंगठा घासायचे, ही तंबाखू आणायची, ते झटकायचे.

आणि चार दिवसांनी कोंडीबा म्हातारा आला, उभ्याउभ्याच म्हणाला, "पाटील, औंदा तुमी कशाला तरास घेताय. म्हिपतीराव येतो म्हणलेत." आणि खाली बघून गेला.

तेव्हापासनं, काय सांगू, हिंदुराव आपला हात बघत बसायचा. जेवताना घास उचलला की मधेच थांबून बघायचा. ह्या हाताला यश नाही, हे एकदा मनात बसलं की बसलं. पिस्तूल त्यानं फडक्यात गुंडाळून जे पेटीत टाकलं ते वर्षभर बघितलंसुद्धा नाही. आता दसरा तोंडावर आला, तेव्हा मामलेदाराकडनं जुनं देऊन दुसरं घ्यायची परवानगी काढली आणि निघाला. ह्या खेपेला असं घ्यायचं की हात कसाही असू दे, ते वाजलंच पाहिजे. आणि एवढं मोठं वाजलं पाहिजे की माळावरनं सोप्यात ऐकू आलं पाहिजे. बस्स. दुसरं काही नको.

सोलापुरात उतरले, टांगा केला, नव्या पेठेच्या मागं राजेसाबचं दुकान. हत्यारं विकायची, दुरुस्त करायची. राजेसाब म्हणजे मेंदीनं रंगवलेली दाढी, पोटावर जाकीट ताणलेलं, आणि बोलायला बसला की समोरचा माणूस पाणी मागेल. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं.

"आवो या पाटील, या माँजी, बसा. काय पायजे? शिकारीला? का दरोडेखोरांची भीती हाय?"

"दसऱ्याला पायजे," हिंदुराव म्हणाला.

राजेसाबनं दाढीवरनं हात फिरवला. इतकी वर्षं धंदा करत होता, पण दसऱ्यासाठी पिस्तूल मागणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"टिकाऊ पायजे," हिंदुराव म्हणाला. "आन नळी मोठी पायजे. आवाज अर्धा कोस जाईल आसं."

"अर्धा कोस?" राजेसाब म्हणाला. "पाटील, मग तोफ न्या की, किल्ल्यात पडल्यात दोन." पण म्हणतम्हणत उठला आणि कपाटातनं एक काढलं. चांदीसारखं चकचकीत, मुठीला शिंपला जडवलेला, तळहातात मावेल एवढं. "हे बगा. मडमा पर्समधी ठेवत्यात."

गोजरबाईनं ते दोन बोटांत उचललं. इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. "ही नटवी हाय," म्हणाली. "पंचमीला म्हायेरला गेली की दसऱ्यापतूर येणार न्हाय. दुसरी दावा."

राजेसाबनं दुसरं काढलं. काळं, नवं कोरं, तेलात भिजलेलं. नळी जरा रुंद. गोजरबाईनं ते कानाजवळ धरलं आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, तांबटाकडं घागर घेताना ठोकतात ना, तसं.

"माँजी, ते मडकं न्हाय!"

"मग काय झालं? चीर आसंल तर बद्द वाजतंय. लोखंड काय, तांबं काय, खोटं आसलं की बोलतंच."

हिंदुरावानं ते काळं हातात घेतलं. नवं होतं, देखणं होतं, चाप लोण्यासारखा मऊ. पण त्याला आठवलं, आबांनी आणलं तेव्हा आधीचं पण असंच होतं. नवं कोरं, देखणं, चाप मऊ. आणि त्याच्याच हातात आल्यावर मुकं झालं. ह्याचं तसं होणार नाही कशावरनं?

"जुनं दावा बरं," राजेसाब म्हणाला. "बदल्यात घेतो. बगू काय दुखणं हाय."

हिंदुरावानं गाठोडं सोडलं. राजेसाबनं पिस्तूल उचललं, उघडायला गेला, उघडेना. डोळ्यासमोर धरून बघितलं आणि एकदम हात लांब केला.

"या अल्ला! भरलेलं हाय हे! भरलेलं घेऊन रेल्वेनं आलात?"

"उघडंना तर काय करू?" हिंदुराव म्हणाला.

"पाटील, आगगाडीत मानसं बसत्यात हो!"

मग तिघं मागच्या अंगणात गेले. तिथं भिंतीला लागून ओल्या वाळूचा हा एवढा ढीग, हत्यार तपासायला बार त्याच्यात काढायचे. राजेसाबनं पिस्तुलाचं तोंड वाळूकडं केलं, लाकडी हातोडीनं बिजागरीवर हळूहळू ठोकलं, ठोकलं, आणि कडक् करून ते मधनं मोडल्यासारखं उघडलं, काडतुसांची सहा घरं वर आली.

आणि आतनं मुंग्या!

खरंच सांगतो! लाल मुंग्या, एक रांग निघाली ती थेट राजेसाबच्या बाहीत शिरली. तो नाचायला लागला, जाकीट झटकतोय, तोबा तोबा म्हणतोय. नाचून झाल्यावर त्यानं सळईनं आतलं उकरून कागदावर काढलं. काळा पडलेला गूळ. थिजलेलं तूप. कुंकवाचा लगदा. अक्षतांचे दाणे. आणि सगळं मिळून असं घट्ट झालेलं की घोडा ज्या भोकातनं काडतुसाच्या टिकलीवर आपटतो, ते भोक पार लिंपून गेलेलं. काडतुसं चिकटलेली ती खिळ्यासारखी उपटून काढावी लागली.

"पाटील," राजेसाब म्हणाला, "हे पिस्तूल हाय का परसाद?"

हिंदुरावानं आईकडं बघितलं.

गोजरबाई म्हणाली, "नैवेद्य हाय तो. खंडेनवमीचा. गूळ-तूप." आणि आवाज चढवून म्हणाली, "सहा घरं हायत त्याला! एकाला दावायचा आन बाकीच्यास्नी उपाशी ठेवायचं व्हय? फुडनं घातला, मागनं घातला. जितं घोडा चावतो तितं जरा जास्ती घातला, कष्टाचं काम त्येचंच की!"

राजेसाब हसायला लागला. पोट धरून. पण हसताहसता त्याची नजर गोजरबाईच्या तोंडाकडं गेली आणि त्याचं हसू आपोआप विझलं. कारण तिला आता कळत चाललं होतं. कागदावरचा तो काळा गूळ ती बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"म्हंजे," ती म्हणाली, "माझ्यामुळं? गावात पोराचं नाव गेलं ते… माझ्या नैवेद्यानं?"

आता हिंदुरावाला काय वाटलं म्हणता? आधी असं वाटलं की छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलला. हात नव्हे, गूळ! वर्षभर जो हात तोंडाला लावायची लाज वाटली, त्याचा काडीचा दोष नाही! ओरडून सांगावंसं वाटलं. आणि त्याच दमाला आईचं तोंड दिसलं. एवढी बोलकी बाई, कोळसा विझावा तशी झाली होती.

पण ती गोजरबाई. ती तशी सोडती होय? पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पर एक सांगा राजेसाब. इतकी सालं म्या जेवू घालतेच हाय त्याला. ह्यांच्या वक्ताला बी आसंच घालत व्हते, सहाच्या सहा घरात. मग ह्यांच्या हातानं कसं वाजत व्हतं?"

राजेसाबनं हाताचं कुंकू पुसलं, सळई ठेवली, खांदे उडवले. "मग काय बोलू माँजी. हाताची बरकत म्हणायची."

झालं. धोंडा परत छातीवर. हिंदुराव तिथंच वाळूच्या ढिगावर बसला. गूळ तोच, तूप तेच, आई तीच. आबांच्या हातात वाजतं, आपल्या हातात नाही. मग फरक काय राहिला? हातच ना!

थोड्या वेळानं म्हणाला, "राजेसाब, त्या काळ्यापेक्षा मोठं न्हाय का?"

"हाय एक," राजेसाब म्हणाला. "पर दाखवायची लाज वाटती. दुधनीकडल्या एका घरातनं आलंय. म्हातारं झालंय. घासून घासून माझे हात गेले, साफ व्हईना."

"आणा तर."

तरटातनं त्यानं जे काढलं ते बघून गोजरबाई म्हणाली, "आगं बया!" एवढं धूड! नळीत करंगळी जाईल. मुठीचं लाकूड धरून धरून गुळगुळीत झालेलं, काळा रंग उडून पोलाद पांढरं पडलेलं. उचललं तर मनगट खाली ओढलं जातं. आणि राजेसाब ज्याची लाज वाटते म्हणत होता ते असं, की प्रत्येक स्क्रूच्या खाचेत, घोड्याच्या बुडाशी, चापाच्या कडीच्या कोपऱ्यात लाल-पिवळी रेघ बसलेली. कुंकू-हळद. एका सालाची नव्हे, थरावर थर.

गोजरबाईनं त्या रेघेवर बोट फिरवलं. "नांदलेली हाय ही," एवढंच म्हणाली.

आणि हिंदुरावाच्या डोक्यात लखकन उजेड पडला. ही दुधनीची बाई कुणाच्या तरी देव्हाऱ्यात बसलीय. तिथं पण कुणीतरी म्हातारी असणार, तिनं पण कुंकू भरलं असणार, तूप घातलं असणार. आणि तरी…

"चालतंय का?" त्यानं विचारलं.

"चालतंय की. सगळं सैल हाय, खुळखुळ वाजतंय. घोडा तेवढा घणासारखा पडतो. पर पाटील, ते नवं काळं…"

"आई, बटव्यातनं करंडा काढ."

"काय?"

"कुकू लाव हिला. आन शिदोरीत शेंगापोळी हाय न्हवं? तुपातली? जेवू घाल."

गोजरबाईनं दोन्ही हात मागं घेतले. "न्हाय रं बाबा. म्या आता हात लावायची न्हाय कुठल्या शस्त्राला. एकदा झालं ते झालं."

"आई, खंडेनवमीला घालतीस तसंच. सहा घरं. उपाशी ठिवू नगंस कुणाला."

"हिंद्या, चेष्टा करतूस व्हय आईची?"

"चेष्टा न्हाय," तो म्हणाला. "तू जेवू घातल्यावर जे वाजंल तेच न्यायचं. जे वाजणार न्हाय ते आपल्या घरात नांदायचं न्हाय. बास."

राजेसाब मधे पडायला गेला, "अजी पाटील, नक्को, पोलाद हाय ते, पोळी नक्को!" पण गोजरबाई आता उठली होती. पदर खोचला. आधी घाबरतघाबरत एक बोट कुंकू लावलं. मग दुसरं. मग शेंगापोळी मोडली, तुपात कालवली, आणि एकेका घरात घास भरवला, कडा पुसून घेत, लहान पोराला भरवावं तसा. घोड्याच्या भोकाशी आली आणि थबकली. हिंदुरावाकडं बघितलं. तो म्हणाला, "जरा जास्ती घाल. कष्टाचं काम त्येचंच." तेव्हा कुठं ती हसली.

राजेसाबनं कपाळाला हात लावला, पण काडतुसं आणून दिली. खुळखुळणाऱ्या घरांत ती घासासकट दबत दबत बसली. हिंदुरावानं वाळूकडं तोंड केलं. चाप ओढला.

अरे काय बार! अंगण हादरलं, वाळू उडाली, पोळीचा भुगा उडाला, भिंतीवरची कबुतरं उडाली. राजेसाबच्या दाढीला पोळी! हिंदुरावाचा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. दुसरा बार. तिसरा. भिंतीपलीकडनं एक बाई ओरडली, "ओ राजेसाब! मेरी मुर्गी अंड्यांपे बैठी है जी! क्या लड़ाई लाए घर में?"

"सरदारबी, आज के रोज माफ करो!" राजेसाब ओरडला, आणि इकडं बाकीचे बार. सहाच्या सहा. एक पण मुका नाही.

धूर विरला तेव्हा गोजरबाई कानावरचे हात काढून म्हणाली, "पचवलं की गं बाई!"

मग भाव झाला, तो काय सांगत बसत नाही, राजेसाब रडला आणि ह्यानं ऐकलं नाही, नेहमीचंच. परवान्यावर जुन्याच्या जागी हिचा नंबर चढला. काडतुसं निराळ्या पिशवीत, रिकामं पिस्तूल गाठोड्यात, आणि गाठोडं ह्या खेपेला गोजरबाईच्या मांडीवर.

गाडीत पाकणी स्टेशन गेलं तसं गोजरबाई म्हणाली, "हिंदुराव, औंदापासनं नुसतं कुकू लावते. म्हातारी झाली तरी तिला तरी कशाला तरास."

हिंदुराव खिडकीतनं बाहेर बघत होता. म्हणाला, "जेवू घाल की. पर मला सांग, माणूस जेवल्यावर काय करतंय?"

"काय करतंय? आचवतंय."

"मग? हात-तोंड धुतल्याबिगर कुणी कामाला जातंय का? तू जेवू घाल, आचवायचं माझ्याकडं."

गोजरबाईनं विचार केला. "व्हय की," म्हणाली. "आजपतूर उष्ट्या तोंडानं धाडत व्हतो आपुन तिला. माझ्या ध्यानातच आलं न्हाय." आणि दुरडीतली उरलेली शेंगापोळी काढून त्याला दिली. त्यानं ती खाल्ली, पण घास उचलताना हाताकडं बघितलंच. गेलं नव्हतं ते. सहा बार वाजले ते त्या दुधनीच्या म्हातारीचं यश. हाताचं काय?

दसरा आला. खंडेनवमीला गोजरबाईनं मन भरून पूजा केली. दुसऱ्या दिवशी हिंदुरावानं पिस्तूल उचललं, कुणाला दिसू नये म्हणून गोठ्याच्या मागं गेला, चिंधी आणि तेल घेऊन सहाच्या सहा घरं पुसली, भोक टोकरलं, मगच काडतूस भरलं. आणि माळावर.

महिपती ठासणी खांद्यावर टाकून पुढंच उभा. "हिंदुराव, जागं हाय न्हवं पिस्तूल? का आमी तयार ऱ्हाऊ?"

"तयारच ऱ्हावा दादा," हिंदुराव म्हणाला. "पर जरा लांब ऱ्हावा."

ओढ्याकडं तोंड केलं, चाप ओढला, आणि असा बार झाला, असा, की हलगीवाल्याच्या हातनं टिपरू पडलं. पलीकडं बांधलेली महिपतीची बैलं दावं तोडून उधळली, आणि तो त्यांच्या मागं "हौ हौ" करत पळाला, त्याला बोलायला सवडच नाही. मग एकच गलका आणि सगळी आपट्यावर.

त्या गर्दीतनं कोंडीबा म्हातारा वाट काढत आला. सोनं दिलं, पाया पडला. खाली बघूनच म्हणाला, "पाटील, उंद्या तिफण धरणार हाय. मूठ धराय या."

"म्हिपतीदादा न्हाईत का?" हिंदुरावानं विचारलं. विचारलं, पण टोचून नाही.

"त्येंची बैलं मोहोळला पोचली आसतील आता," म्हातारा म्हणाला. "या तुमी."

हिंदुराव घरी आला. सोप्यात आबासाहेब बाजेवर, विजयमाला पायाशी बसलेली. "हितं आवाज आला!" ती म्हणाली. "फळीवरची भांडी वाजली. मामंजी उठाय बघत व्हते."

त्यानं पाया पडून पिस्तूल, उघडून रिकामं करून, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. आबासाहेबांनी वजन बघितलं, भुवई वर गेली. मग अंगठा एकेका घराच्या तोंडावरनं फिरवला. सहाही घरांवरनं. अंगठा नाकाशी नेला. वास घेतला. तेलाचा वास. आणि अर्ध्या तोंडानं जे हसले! ती अर्धीच जिवणी, पण वर्षात पहिल्यांदा हलली. मग अंगठा तळव्यावर घासायला लागले, गोल गोल.

"तंबाकू," म्हणत विजयमाला उठली.

त्यांनी मान हलवली. नाही. हिंदुरावाचा उजवा हात पकडला, त्याच्या बोटांचा वास घेतला, परत घासून दाखवलं, आणि गोठ्याच्या अंगाला बोट केलं. परत घासलं. परत बोट केलं.

हिंदुराव उठला आणि गोठ्याच्या मागं गेला. मघाशी उभा होता तिथंच. भिंतीत डोक्याच्या उंचीला एक कोनाडा होता, जळमटानं झाकलेला. हात घातला. आत तेलाची आटलेली बाटली, आणि एक चिंधी, कडकडीत वाळलेली, कुंकवानं लाल झालेली, थरावर थर. गुळाचा डाग पण होता. मुंग्यांनी तो कधीच साफ केलेला.

इतकी सालं! बायकोनं मनोभावे भरवायचं आणि आबासाहेबांनी तिला न दुखवता इथं येऊन चोरून पुसायचं. आणि गाव म्हणायचं, हाताला यश.

"काय बगतूस रं तितं?" अंगणातनं गोजरबाईनं हाक मारली. "सोनं द्याय मानसं आल्यात की!"

"काय न्हाय, आलो," हिंदुराव म्हणाला. आपली चिंधी त्यानं घडी घालून त्या चिंधीशेजारी ठेवली, बाटलीत ताजं तेल ओतलं, आणि हात धोतराला पुसत सोनं द्यायला गेला.